भाताचा करपा, नाचणीचा करपा

पनवेल तालुक्यात भात आणि नाचणी एकाच पावसाळ्यात करपतात. खाली खाडीकडच्या खारजमिनीत आणि सखल खाचरांत भात असतो, वर प्रबळगड-माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर वरकस उतारांत नाचणी आणि वरी. श्रावण-भाद्रपदात आभाळ दिवस दिवस झाकलेले राहिले, पानावरचे पाणी सुकेनासे झाले, की भाताच्या पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके उठतात. मधोमध राखाडी, कडेने तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते. नाचणीच्या पानावरही जवळजवळ तसेच. पुढे लोंबी बाहेर पडताना रोगाने मान धरली, तर मान काळी पडून मोडते आणि दाणा न भरता पळींज राहते. नाचणीत तो कणसाच्या बोटांपर्यंत पोचतो.

कुणाही शेतकऱ्याच्या मनात येईल असा प्रश्न आहे: नाचणीवरची बुरशी आणि भातावरची बुरशी एकच का? बांधावरच्या गवतावर तसाच ठिपका दिसला, तर तो उद्या खाचरात उतरेल का? या साध्या प्रश्नाचे धड उत्तर मिळायला विज्ञानाला शंभरहून जास्त वर्षे लागली. उत्तर मिळाले तेही एकट्या सूक्ष्मदर्शकातून नाही आणि एकट्या जनुकांतूनही नाही. बुरशांचे वर्गीकरण हा विषय पुस्तकात रूक्ष वाटतो. करप्याची ही हकिकत वाचली की त्यात किती जीव आहे ते कळते.

आधी बुरशी कशी दिसते ते पाहू. ठिपक्याचा तुकडा ओलसर बंद डबीत रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर राखाडी लव दिसते. ती काचपट्टीवर घेऊन चारशे पटीने मोठी करून पाहिली, की बारीक दांड्यांच्या टोकांना बीजाणू लटकलेले दिसतात. एकेक बीजाणू बुडाशी फुगीर, टोकाला निमुळता, आत दोन आडवे पडदे आणि त्यामुळे तीन कप्पे. लांबी साधारण वीस-पंचवीस मायक्रॉन, म्हणजे चाळीस-पन्नास बीजाणू एकापुढे एक मांडले तर एक मिलिमीटर भरेल. हा आकार इतका ठसठशीत आहे की एकदा पाहिलेला माणूस तो विसरत नाही.

बीजाणू पानावर पडला, ओल मिळाली, की त्यातून एक नळी निघते आणि तिच्या टोकाला काळसर, घुमटाकार पेशी तयार होते. तिच्या भित्तिकेत मेलॅनिनचा थर असतो. त्या थरामुळे आतला द्रव बाहेर झिरपत नाही आणि पेशीत प्रचंड दाब साठतो. १९९१ साली तो मोजला गेला तेव्हा सुमारे ८ मेगापास्कल भरला, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीस-पस्तीस पट. त्या दाबाने बुरशी पानाची कातडी अक्षरशः भोसकते. करप्यावर फवारले जाणारे ट्रायसायक्लॅझोल नेमके हे मेलॅनिन बनण्याचे काम अडवते. मेलॅनिन नाही तर दाब नाही, आणि दाब नाही तर पानात शिरकाव नाही.

आता नावाकडे येऊ. इटालियन कवकशास्त्रज्ञ पिएर अँड्रिया सकार्डो यांनी १८८० मध्ये डिजिटेरिया नावाच्या गवतावरच्या अशाच बुरशीला पिरिक्युलॅरिया ग्रिसिया म्हटले. हे डिजिटेरिया आपल्याकडेही बांधावर, रस्त्याकडेला सर्रास उगवते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रिदियानो कवारा यांनी भातावरच्या बुरशीला पिरिक्युलॅरिया ओरायझी असे वेगळे नाव दिले. वेगळेपणाचा मुख्य आधार एकच होता: एक गवतावर सापडली, दुसरी भातावर. बीजाणू मात्र दोन्हींचे सारखे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तंजावरच्या त्रिभुज प्रदेशात या रोगाने भाताची मोठी हानी केली आणि भारतीय कृषिशास्त्रात ओरायझी हे नाव रुजले.

बुरशीचे वर्गीकरण करणाऱ्यांपुढे त्या काळी एक जुनी अडचण होती. झाडांची घराणी फुलांवरून लावतात. बुरशीतही लैंगिक अवस्थेला तेच महत्त्व होते, पण करप्याच्या बुरशीची ती अवस्था शेतात कुणालाच सापडत नव्हती. तिचे सगळे आयुष्य त्या तीन कप्प्यांच्या अलैंगिक बीजाणूंवर चाललेले. १९७१ मध्ये अमेरिकेत हेबर्ट या शास्त्रज्ञाने डिजिटेरियावरचे नमुने प्रयोगशाळेत एकमेकांशी जुळवले आणि लैंगिक अवस्था पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली. काही वर्षांतच तिला मॅग्नापोर्थे ग्रिसिया हे नाव मिळाले. म्हणजे एकाच जिवाला दोन नावे झाली, एक लैंगिक रूपाचे आणि एक अलैंगिक रूपाचे. बुरशांच्या बाबतीत ही दुहेरी पद्धत तेव्हा नियमाला धरूनच होती.

मग १९९० मध्ये एमी रॉसमन, रिचर्ड हॉवर्ड आणि बार्बरा व्हॅलेंट यांनी भातावरची आणि गवतावरची बुरशी एकाच जातीत घातली. रूपात सातत्याने दिसणारा फरक नाही, मग वेगळेपणा कशाच्या जोरावर टिकवायचा, असा त्यांचा विचार. जुने नाव आधी येते या नियमाने ग्रिसिया राहिले, ओरायझी मागे पडले. त्या काळात हाती असलेल्या पुराव्यावर हा निर्णय प्रामाणिक होता. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मात्र एका रोगाची तीन-तीन नावे जमा झाली.

कलाटणी आली २००२ मध्ये. कॅनडात टोरांटोला ब्रेट काउच आणि लिंडा कोन यांनी वेगवेगळ्या गवतांवरच्या आणि पिकांवरच्या बुरशांची तीन जनुके वाचली: अॅक्टिन, बीटा-ट्युब्युलिन आणि कॅल्मोड्युलिन. तिन्ही जनुके प्रत्येक पेशीत रोजची कामे करणारी, म्हणून सावकाश बदलणारी. प्रत्येक जनुकावरून त्यांनी स्वतंत्र वंशवृक्ष काढला. तिन्ही वृक्षांत एकच फट दिसली. डिजिटेरियावरचे नमुने एका बाजूला आणि भात, नाचणी, राळा, राय गवत, गहू यांच्यावरचे दुसऱ्या बाजूला. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत बोट ठेवण्याजोगा भेद नाही, तरी जनुके सांगत होती की ही दोन घरे केव्हाच वेगळी झाली आहेत. दुसऱ्या घराला त्यांनी पुन्हा ओरायझी हे विशेषण दिले. नव्वदीतल्या एकत्रीकरणाला जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि कवारांचा निव्वळ यजमान पिकावरून केलेला तर्क बऱ्याच अंशी खरा निघाला.

एकाच जनुकावर का भागत नाही, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. जनुकांवरून वर्गीकरण म्हटले की सामान्य वाचकाला वाटते, यंत्रात नमुना घातला आणि नाव बाहेर आले. प्रत्यक्षात कामाला सुरुवात होते ती सुईच्या टोकाने एकच बीजाणू उचलण्यापासून. ठिपक्यावर दुसऱ्या बुरशाही असतात, म्हणून एका बीजाणूपासून आगर या पोषक जेलीवर शुद्ध वाढ करावी लागते. त्या वाढीतून डीएनए काढतात, पीसीआरने हवे ते जनुक लाखो पटींनी वाढवतात आणि त्याची ए, टी, जी, सी ही अक्षरे ओळीने वाचतात. मग अनेक नमुन्यांच्या ओळी एकाखाली एक मांडून कुठे अक्षर बदलले ते पाहतात. बदल जितके कमी तितके नाते जवळचे, हा ढोबळ हिशेब.

पण एखाद्या जनुकाचा इतिहास आणि त्या जातीचा इतिहास दर वेळी जुळत नाही. दोन शाखांत संकर झाला तर एखादे जनुक इकडचे तिकडे जाते. कधी पूर्वजांत असलेली जनुकाची दोन रूपे दोन्ही वंशजांत तशीच उरतात आणि खोटी जवळीक दाखवतात. म्हणून २००० साली जॉन टेलर आणि सहकाऱ्यांनी बुरशांसाठी एक कसोटी मांडली. अनेक स्वतंत्र जनुकांचे वंशवृक्ष काढा. ज्या फांदीबद्दल त्यांचे एकमत होते तिथे जातीची सीमा आखा. जिथे मतभेद आहेत तिथे अजून देवाणघेवाण चालू आहे असे समजा. काउच आणि कोन यांचा निष्कर्ष टिकला तो तीन जनुकांच्या या एकमतामुळे.

एका जनुकखंडाच्या भरवशावर राहिले तर काय होते ते कोकणाच्या दुसऱ्या पिकात दिसते. आंब्याच्या मोहोरावर आणि फळावर काळे डाग पाडणारा करपा वेगळ्याच बुरशीचा, कोलेटोट्रायकमचा. तिला दशकानुदशके कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइडीस या एकाच नावाने ओळखत. २०१२ मध्ये वियर, जॉन्स्टन आणि डॅम यांनी अनेक जनुके वाचून त्या एका नावाखाली २२ जाती दाखवल्या. त्याच वर्षी आयटीएस हा डीएनएचा तुकडा सगळ्या बुरशांची अधिकृत ओळखखूण म्हणून स्वीकारला गेला होता, आणि या गटात नेमका तोच अपुरा पडत होता. पुढच्या वर्षी गुंजन शर्मा, बेले दामोदर शेणॉय आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या आंब्यावरच्या नमुन्यांवर अॅपमॅट नावाचा जास्त बोलका खंड वापरून दाखवला आणि आयटीएसला न दिसणाऱ्या शाखा सुट्या केल्या. आयटीएसचा उपयोग गट ओळखण्यापुरता जरूर आहे. जातीचे नाव त्यावरून ठोकून देण्याची घाई मात्र अनेक शोधनिबंधांत दिसते आणि ती घातक आहे.

जनुकांचा थेट उपयोगही होतो आणि अतिरेकही, आणि दोन्हींचे उदाहरण पुन्हा करप्याचेच. १९८५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात गव्हावर करपा आला. त्याआधी गहू या रोगापासून सुरक्षित मानला जात होता. पुढच्या अभ्यासात दिसले की तिथे पेरल्या गेलेल्या काही गहू वाणांत एक संरक्षक जनुक नव्हते, त्यामुळे राय गवतावरच्या बुरशीला दार उघडे सापडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये हाच रोग बांगलादेशात प्रकटला. तिथल्या शास्त्रज्ञांनी शेतातले नमुने घेऊन जनुकसंच वाचायला दिले आणि काही आठवड्यांतच कळले की ही बुरशी आशियातल्या भातावरून आलेली नाही, ती दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या शाखेची आहे. हे कळल्यामुळे शेजारच्या भाताला दोष देणे थांबले आणि लक्ष आयात धान्याकडे वळले. पश्चिम बंगालमध्ये सीमेलगत गव्हाची पेरणी रोखण्यात आली. वर्गीकरणाचा इतका थेट उपयोग क्वचितच दिसतो.

त्याच वर्षी काही संशोधकांनी गव्हावरच्या शाखेला पिरिक्युलॅरिया ग्रामिनिस-ट्रिटिसाय अशी स्वतंत्र जाती घोषित केले. २०१८ मध्ये पिएर ग्लादिये आणि सहकाऱ्यांनी १२ प्रजातींच्या (प्रजाती म्हणजे जातींचे घराणे) गवत-धान्यांवरचे ७६ जनुकसंच ताडून पाहिले. शाखा वेगळ्या दिसल्या खऱ्या, पण त्यांच्यात जनुकांची ये-जा चालू असल्याच्या खुणाही स्पष्ट होत्या. एकमताची कसोटी लावली तर नवी जाती टिकत नव्हती. १९९० मध्ये दोन जाती एकत्र करणाऱ्यांतल्या बार्बरा व्हॅलेंट २०१९ मध्ये या नव्या फाळणीला विरोध करणाऱ्यांतही होत्या. माझ्या मते त्यांची बाजू योग्य आहे. ज्या शाखा अजून एकमेकींशी जनुके वाटून घेतात त्यांना निराळ्या जाती म्हणून शिक्का मारला, तर एका पिकावरून दुसऱ्या पिकावर उडी पडण्याचा धोका कागदावर नाहीसा होतो आणि शेतात तसाच राहतो.

रूप मग निरुपयोगी ठरले का? मुळीच नाही. भाताच्या पानावर तपकिरी ठिपके पाडणारी आणखी एक बुरशी आहे, बायपोलॅरिस ओरायझी. १९४२ मध्ये तिने बंगालचे भात झोडपले. पुढच्या वर्षीच्या महादुष्काळाला युद्ध, महागाई आणि सरकारी धोरण कारण होतेच, पण एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये या रोगाचाही वाटा दाखवून दिला. तिचे बीजाणू गडद, किंचित वाकलेले, अनेक कप्प्यांचे. करप्याच्या तीन कप्प्यांच्या फिकट बीजाणूशी त्यांची गल्लत होणे शक्य नाही. सूक्ष्मदर्शकावर पाच मिनिटांत होणाऱ्या या निदानासाठी डीएनए वाचत बसणे म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय. प्रजाती आणि त्यावरचे कुल ठरवताना रूप अजूनही भक्कम साक्ष देते. जातीच्या पातळीवर ते बहुधा गप्प होते.

मॅग्नापोर्थे या नावाचा निकालही रूप आणि जनुके एकत्र वाचल्यावरच लागला. ते नाव मुळात ज्या जातीवर आधारलेले होते ती भाताचे खोड कुजवणारी बुरशी. २०१४ मध्ये क्लाउबाउफ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही घराण्यांची जनुके मांडली तेव्हा दिसले की खोड कुजवणारी आणि करपा आणणारी या दोघी वेगवेगळ्या कुलांत बसतात. दरम्यान जुलै २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतीशास्त्र परिषदेत ‘एक बुरशी, एक नाव’ हा नियम झालेला होता. त्यामुळे करप्याला मॅग्नापोर्थे म्हणण्याचे कारणच संपले आणि २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने पिरिक्युलॅरिया ओरायझी हे नाव सुचवले. अनेक प्रयोगशाळा सवयीने अजून मॅग्नापोर्थे लिहितात. नवे वाचन करताना दोन्ही नावे ओळखीची असावीत.

आता पनवेलच्या उतारावरचा प्रश्न. भातावरची आणि नाचणीवरची बुरशी जातीने एकच, शाखांनी वेगळी. भातावरच्या शाखेची सख्खी जवळीक राळ्यावरच्या शाखेशी आहे. काउच आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले की भाताची लागवड सुरू झाली त्या काळात, सुमारे ७,००० वर्षांपूर्वी, ही बुरशी राळ्यावरून भातावर आली असावी. नाचणीवरची शाखा गहू आणि राय गवतावरच्या शाखांच्या बाजूला बसते. म्हणून शेतात नाचणीचा करपा सहसा भाताला धरत नाही आणि भाताचा नाचणीला. बांधावरचे डिजिटेरिया तर निराळ्याच जातीचे यजमान आहे, तेव्हा त्यावरचा ठिपका पाहून खाचराची धास्ती घेण्याचे कारण नाही. नाचणीवाल्याने मात्र शेताकडेच्या रान नाचणीवर डोळा ठेवावा. ती नाचणीची जवळची नातलग आहे आणि तिच्यावर नाचणीचीच शाखा जगते.

वाण तयार करणाऱ्यांसाठी हा भेद आणखी मोलाचा आहे. पनवेलला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. खारे पाणी सोसणारे पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे भाताचे वाण तिथले. जवळच कर्जतला भातावर काम करणारे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र. भाताची रोगप्रतिकारक जनुके बुरशीच्या ठरावीक प्रथिनांना ओळखून काम करतात. बुरशीने ते प्रथिन बदलले किंवा टाकून दिले की काही हंगामांतच वाण हतबल होतो. कोणत्या भागात बुरशीची कोणती शाखा आणि कोणती रूपे फिरत आहेत याचा नकाशा असल्याशिवाय वाणात कोणते जनुक घालावे हे ठरवता येत नाही. हा नकाशा बनतो गावोगावच्या नमुन्यांतून.

नमुने सांभाळण्याची परंपरा आपल्या राज्यात चांगली आहे. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली. संस्थापक संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथले वाळवलेल्या बुरशांचे संग्रहालय कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचे आहे आणि जिवंत बुरशांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. पन्नास वर्षांपूर्वी वाळवून ठेवलेल्या पानातूनही आज अनेकदा डीएनए काढता येतो, त्यामुळे जुन्या नावाची शहानिशा त्याच नमुन्यावर होऊ शकते. जगात आजवर सुमारे दीड लाख बुरशांना नावे मिळाली आहेत आणि अंदाज आहे २२ ते ३८ लाखांचा. पनवेल तालुक्यात खाचरे वेगाने भराव आणि इमारतींखाली जात आहेत. पिकाबरोबर त्या मातीतल्या आणि पानांवरच्या बुरशाही नोंद होण्याआधीच जातील, याची मला खरी काळजी वाटते.

पनवेल-उरण-कर्जतच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना म्हणून एक विनंती. पुढच्या भाद्रपदात भात, नाचणी, वरी आणि बांधावरची गवते यांवरचे ठिपकेदार पान दिसले की वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा. कागदावर गाव, शेताची जागा, तारीख आणि पिकाचा वाण लिहा. एका ठिकाणाहून एकच पान न घेता चार-पाच घ्या आणि प्रत्येक यजमानाचे वेगळे पाकीट करा. गवत असेल तर त्याचा तुरा सोबत ठेवायला विसरू नका, कारण नुसत्या पानावरून गवत ओळखता येत नाही आणि यजमान कोण ते कळले नाही तर करप्याच्या नमुन्याची अर्धी किंमत तिथेच जाते.